आधी तुकडा, मग फोटो



गुलाबी बोंडअळी लागलेले बोंड वरून हिरवेगार दिसते. फोडले की आत कीड. तोंडाच्या कॅन्सरचेही तसेच. गालात दिसते एवढीशी जखम. ती जबड्याच्या हाडात शिरली का, मानेतल्या गाठींत उतरली का, हे वरून कळत नाही. सीटी स्कॅन ते दाखवतो. खर्ऱ्याने ज्याचे तोंडच उघडत नाही, त्याच्या आतले तर डॉक्टरच्या बॅटरीलाही दिसत नाही.

पण यंत्राचा क्रम समजून घ्या. कॅन्सर आहे की नाही, हे जखमेचा तुकडा तपासल्यावर ठरते. सीटीने ठरतो उपचार. हाड शाबूत असेल तर जबडा वाचवता येतो. रोग हाडात खोल गेला तर तेवढा भाग काढावा लागतो. घशाच्या रोगात स्वरयंत्र वाचेल का, याचाही अंदाज येतो. जिभेसाठी बहुधा एमआरआय बरा पडतो. तुकड्याआधीच फोटो सांगितला, तर कारण विचारा. शिरेतून औषध देण्याआधी किडनीचा आजार, मधुमेहाच्या गोळ्या, कशाची ॲलर्जी, सारे सांगा. खिशातून पैसे भरण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

आणि सर्वांत स्वस्त तपासणी डोळ्यांची. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी तोंडे तपासली. 2005 साली निष्कर्ष आला: तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. केरळात जमते ते विदर्भात का जमू नये?

गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. एका फेरीत मजुरी बुडते, सोबत्याचाही दिवस जातो. गोंदियाला 2016 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे. तुकडा आणि सीटी जिल्ह्याच्या ठिकाणीच व्हावेत. रिपोर्ट कधी मिळणार ती तारीख चिठ्ठीवर लिहून द्यावी. नागपूरच्या डॉक्टरांनी तोच फोटो पाहावा. गरज नसताना दुसरा काढायला लावू नये.

आपल्याकडूनही एक काम हवे. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा, बसलेला आवाज, गिळताना त्रास, मानेत गाठ, यांपैकी काही दिसले तर कापूस विकेपर्यंत थांबू नका. पीक पुढच्या हंगामात पुन्हा येते, जबडा येत नाही. आणि खर्ऱ्याची पुडी आजच फेका.