खडूचे देणे कोणाचे?

यंत्राला लागणारे तेल कामगाराने पदरच्या पैशाने आणावे, असे कोणताही गिरणीमालक उघडपणे म्हणणार नाही. परंतु अमेरिकेत सरकारी शाळेतील शिक्षकाने कागद, पेन्सिली, रंग, पुस्तके पदरमोड करून आणावीत, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिला प्राप्तिकराच्या कायद्यात खास जागा मिळाली आहे! २०१५-१६ च्या तेथील शासकीय पाहणीत सरकारी शाळांतील ९४ टक्के शिक्षकांनी असा खर्च केल्याचे आढळले. खर्च करणाऱ्यांची वार्षिक सरासरी होती ४७९ डॉलर.

या खर्चापैकी २५० डॉलरपर्यंतची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सवलत २००२ साली मिळाली. वीस वर्षांनी, २०२२ साली, ती मर्यादा ३०० झाली. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. तीनशे डॉलर खर्चाची वजावट घेतली, तर ते वजा होतात उत्पन्नातून. ते परत मिळत नाहीत. बावीस टक्के कर भरणाऱ्याचे त्यातून ६६ डॉलर वाचतात, बारा टक्केवाल्याचे ३६, आणि ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही अशा अल्पवेतनी साहाय्यकाचे शून्य. म्हणजे ज्याचा खिसा अधिक फाटका, त्याच्या हातावर कमी. याला आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात.

२०२५ च्या कायद्याने २०२६ पासून आणखी एक सवलत दिली. ती खर्चाच्या मर्यादेविना आहे, आणि शालेय क्रीडाप्रशिक्षकांनाही लागू आहे. ऐकायला हे औदार्य वाटते. मात्र ती घ्यायची तर सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट सोडून खर्चाचा तपशीलवार हिशेब द्यावा लागतो. एकट्या करदात्याला २०२६ साठी ही प्रमाणित वजावट १६,१०० डॉलर आहे. गृहकर्जाचे मोठे व्याज भरणाऱ्यांसारख्या थोड्यांनाच ती सोडणे परवडते. दहांपैकी सुमारे नऊ करदाते ती सोडत नाहीत. भाड्याच्या घरात राहणाऱ्या तरुण शिक्षिकेला या औदार्याचा उपयोग काय?

मुळात शाळेची पेटी रिकामी का? तेथील शाळांचा मोठा आधार स्थानिक मालमत्ता कर हा आहे. श्रीमंत वस्तीत कर भरपूर, म्हणून शाळा संपन्न; गरीब वस्तीत दोन्हींचा दुष्काळ. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे, आणि या विषमतेला अभय मिळाले. शिक्षकाच्या खिशातून जाणारा पैसा हा या अन्यायावरचा झाकणखडा आहे.

‘काहीच नसण्यापेक्षा हे बरे नाही काय?’ असे कोणी विचारील. ती सवलत काढून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हटले होते २०१७ साली तेथील प्रतिनिधिगृहाच्या विधेयकाने, तेही कंपन्यांवरचा कर ३५ टक्क्यांवरून खाली आणीत असताना! अखेर सवलत वाचली, आणि कंपन्यांचा कर २१ टक्के झाला. आमचा आक्षेप निराळा आहे. सवलत प्रत्येक शिक्षकाला आपापल्या पावत्या घेऊन एकेकटा बसविते आणि समाजाचे देणे त्याच्या खासगी दानधर्मात जमा करते.

पावत्या बाजूला ठेवून शिक्षक एकत्र आले तेव्हा काय घडले? २०१८ साली वेस्ट व्हर्जिनियाच्या पंचावन्नही परगण्यांतील शाळा बंद पडल्या आणि पाच टक्के पगारवाढ पदरात पडली. त्याच वर्षी ओक्लाहोमातील शिक्षकांनी फाटकी पाठ्यपुस्तके जगापुढे धरली.

शिक्षणाचा पैसा कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी तो १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडला होता: महसूल शेतकऱ्याच्या घामाचा आणि शाळा वरच्या वर्गाची. शिक्षकाच्या त्यागाचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येक सरकारला, ते तिकडचे असो वा इकडचे, हाच प्रश्न विचारला पाहिजे. खडू हे शाळेचे देणे आहे. ते शाळेनेच, म्हणजे आपण सर्वांनी मिळून, फेडले पाहिजे.