आधी वेल उतरवा, मग झाडाचं बघा

माननीय उद्यान अधीक्षक,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,



झाड वेलींनी भरलंय, कधीही कोसळेल, तोडून द्या, असा अर्ज सोसायटीकडून आला की तो घाबरटपणा म्हणून बाजूला सारता येत नाही. 17 मे 2021 रोजी तौक्ते वादळाने मुंबईत शेकडो झाडं आडवी केली. वेलीने मढलेला शेंडा वारा जास्त अडवतो, पावसात भिजून जड होतो. शिवाय खोडातली ढोली, बुंध्याची कूज पानांआड दिसतच नाही.

म्हणूनच वेल अंगावर असताना झाड धोकादायक ठरवणं म्हणजे रुग्णाला शालीवरून तपासणं.

शहरातला मोठा गुन्हेगार मनीप्लांट. मूळचा पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटावरचा. बाटलीत तळहाताएवढं पान असलेला हा वेल गुलमोहरावर चढला की सुपाएवढी पानं काढतो. आणि बहुतेक वेळा तो हौसेने लावलेलाच असतो! बुंध्याशी छाटून भागत नाही. वरचा भाग खोडाला चिकटलेल्या मुळांवर तग धरतो, खाली पडलेला तुकडा पुन्हा रुजतो. गुळवेल त्याहून चिवट. कापली तर वरून दोऱ्यासारखी मुळं सोडते आणि पुन्हा जमीन गाठते. ठेकेदाराची माणसं कोयता चालवून निघून जातात. महिन्याभराने परत येऊन बघायचं काम कुणाच्याच नावावर नसतं.

प्रत्येक वेल वैरी नव्हे, हेही खरं. सह्याद्रीतल्या देवरायांत गारंबीचे मांडीएवढे वेल झाडांवर नांदतात. तिथे कोयता नको.

झाड खरोखरच काढावं लागलं, तरीही वेल आधीच कापायला हवी. तिने दोन शेंडे बांधलेले असले तर पडणारं झाड शेजारच्याची फांदी ओढून नेतं, पडण्याची दिशाही बदलते. मलेशियातल्या साबामध्ये लाकूडतोडीच्या काही महिने आधी वेली कापून ठेवतात, कारण ताजी वेल दोरखंडासारखी चिवट असते.

राज्याच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात 2021 साली दुरुस्ती होऊन पन्नाशी ओलांडलेल्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. अशा झाडाचा निकाल एका पाहणीत लागू नये. पाहणीच्या नमुन्यात दोन रकाने वाढवावेत: वेल कोणत्या तारखेला कापली, आणि त्यानंतर खोड उघडं करून कोणी तपासलं. कापणी जानेवारीत झाली, तर पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीआधी दुसऱ्या पाहणीला पुरेसा अवधी मिळेल.

कळावे,
एक मुंबईकर