मागचं दार

जबलपूरच्या मराठी घरात सकाळच्या पोह्यांबरोबर जिलबी येते आणि जिलबी संपायच्या आत राजकारण येतं. गेल्या खेपेला मी ज्यांच्याकडे उतरले होते ते काका गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले. विषय निघाला खुर्ची न सोडणाऱ्या पुढाऱ्यांचा. मी आपलं सहज म्हटलं, खासदार-आमदारांना दोन नाही तर तीन मुदती द्याव्यात आणि मग कायद्यानंच घरी बसवावं. काकांनी हातातली बशी खाली ठेवली.

‘कायदा कशाला? मतदार मेलेत का? आम्ही जबलपूरवाल्यांनी ते करून दाखवलंय, तेही तुझ्या जन्माआधी!’

काका सांगत होते ती हकीगत खरी आहे आणि महाराष्ट्रातल्या वाचकांना ती फारशी ठाऊक नसेल. सेठ गोविंददास म्हणजे जबलपूर, असं समीकरण एके काळी होतं. श्रीमंत घराणं, स्वातंत्र्यलढ्यातला तुरुंगवास, हिंदीतली नाटकं. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष. (त्या अधिवेशनातला वादही सुभाषबाबूंच्या दुसऱ्यांदा अध्यक्ष होण्यावरूनच पेटला होता, हा योगायोग.) १९२३ मध्ये सेठजी पहिल्यांदा मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. पुढे संविधान सभा आणि मग पहिल्या लोकसभेपासून पाचव्या लोकसभेपर्यंत सलग खासदार. नवी लोकसभा भरली की हंगामी अध्यक्ष म्हणून सगळ्यांना शपथ द्यायला हेच उभे. माणूस ताठही होता. १९६३ च्या राजभाषा विधेयकाला त्यांनी स्वतःच्या पक्षाचं सरकार असताना विरोध केला होता.

१९७४ च्या जूनमध्ये सेठजी गेले. पोटनिवडणूक लागली आणि जयप्रकाशांच्या आंदोलनानं ‘जनता उमेदवार’ म्हणून उभा केला तो इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून बाहेर पडलेला विद्यार्थी नेता, शरद यादव. वय २७. उमेदवारी मिळाली तेव्हा स्वारी तुरुंगात होती. निशाणी होती हलधर किसान, जी पुढे १९७७ मध्ये देशभर गाजली. काँग्रेसची ती वर्षानुवर्षांची जागा या पोरानं काढून घेतली. काका तेव्हा नुकतेच मतदार झाले होते. सांगताना त्यांचा चेहरा अजूनही उजळतो.

पण मला या गोष्टीतला पुढचा भाग जास्त आवडतो. आणीबाणी आली, शरद यादव पुन्हा आत गेले. १९७१ मध्ये निवडून आलेल्या लोकसभेची पाच वर्षं १९७६ च्या मार्चमध्ये संपत होती. सरकारनं कायदा करून मुदत एक वर्षानं वाढवली. खासदारांना एक वर्ष फुकट मिळालं. मतं मागायला नको, दारोदार फिरायला नको. हे वर्ष दोघांनी नाकारलं. एक शरद यादव आणि दुसरे आपले पुण्याचे मधू लिमये, जे तेव्हा बिहारमधल्या बांका मतदारसंघाचे खासदार होते. दोघंही कैदेत होते. लोकांनी आम्हाला पाच वर्षांसाठी पाठवलं, सहाव्या वर्षाचा हक्क आम्हाला नाही, या भूमिकेवरून त्यांनी राजीनामे दिले. मुदत म्हणजे काय, हे इतक्या साध्या रीतीनं आपल्या संसदेत क्वचितच कुणी सांगितलं असेल.

इथून दोघांच्या वाटा कशा फुटल्या बघा. लिमये १९७७ मध्ये पुन्हा निवडून आले, पण १९८२ मध्ये, साठाव्या वर्षी, सक्रिय राजकारणातून बाजूला झाले. १९९५ मध्ये जाईपर्यंत लिहीत राहिले. माजी खासदाराचं निवृत्तिवेतनही त्यांनी घेतलं नाही. (नानाजी देशमुखांनीही साठीनंतर सत्ता सोडावी असं म्हटलं होतं आणि स्वतः ते पाळलंही. दोघंही मराठी, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही, पण त्यांचा कित्ता आपल्याकडे किती जणांनी गिरवला, हे विचारू नये.)

शरद यादव मात्र राहिले. जबलपूर सुटलं, उत्तर प्रदेशातलं बदायूं आलं, मग बिहारमधलं मधेपुरा. तीन राज्यांतून मिळून सात वेळा लोकसभा. मंडल आयोगाच्या लढाईतलं त्यांचं काम मोठं आहे, ते कुणी नाकारू नये. आता जरा बारकाईनं पाहा. २००४ मध्ये मधेपुऱ्याच्या मतदारांनी त्यांना पाडलं. त्याच वर्षी ते राज्यसभेत आले. २०१४ मध्ये पुन्हा पाडलं. त्याही वर्षी राज्यसभेत. मतदारांनी ‘नको’ म्हटलं आणि पक्षानं ‘हवे’ म्हटलं. शेवटी २०१७ मध्ये राज्यसभेतून ते अपात्र ठरले, तेही पक्षातल्या भांडणातून. मतदारांनी सांगितलं म्हणून नव्हे.

मी हे काकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी दुसरा दाखला काढला. खुद्द जबलपूरनं पुढं काय केलं? १९८२ च्या पोटनिवडणुकीत भाजपचे बाबूराव परांजपे आले. १९८४ मध्ये मतदारांनी काँग्रेसला कौल दिला, १९८९ मध्ये पुन्हा बाबूराव, १९९१ मध्ये पुन्हा काँग्रेस, १९९६ आणि १९९८ मध्ये परत बाबूराव. मराठी माणूस म्हणून इथल्या मराठी घरांना त्यांचं अगत्य, तरी शहरानं कुणालाच निवांत बसू दिलं नाही. म्हणजे मतदार जागा असतो, असं काकांचं म्हणणं. बरोबर. पण २००४ ते २०१९ पर्यंत चार वेळा राकेश सिंहच आले, आणि त्यांची खासदारकी संपली ती पराभवानं नव्हे. २०२३ मध्ये पक्षानं त्यांना विधानसभेला उभं केलं म्हणून. कुणी कुठं जायचं हे पक्षच ठरवतो.

मध्य प्रदेशनं मतदाराच्या हातात एक हत्यार दिलंही होतं. नगराध्यक्षाला परत बोलावण्याची निवडणूक. मतपत्रिकेवर दोनच चित्रं: एक भरलेली खुर्ची, एक रिकामी. काय सुंदर कल्पना! २००१ मध्ये अनूपपूरच्या लोकांनी रिकाम्या खुर्चीवर शिक्का मारून नगराध्यक्षांना खाली उतरवलं. पण तिथंही सुरुवात मतदारानं करायची नव्हती. आधी तीन चतुर्थांश नगरसेवकांच्या सह्या लागत. किल्ली पुन्हा पुढाऱ्यांच्याच कमरेला.

मग कायद्यानं मुदतबंदी? अमेरिकेत १९५१ पासून कुणालाही दोनदापेक्षा जास्त वेळा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येता येत नाही. आपल्याकडे पंतप्रधान, मुख्यमंत्री, खासदार कुणालाच मर्यादा नाही. गंमत म्हणजे सहकारी बँकेच्या संचालकाला आहे! २०२० च्या दुरुस्तीनं ती सलग आठ वर्षांची केली, २०२५ मध्ये दहा झाली. आणि घरोघरचा अनुभव सांगायचा तर वॉर्डाचं आरक्षण फिरतं ही एक प्रकारची मुदतबंदीच की. त्यातून काय झालं? साहेबांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, वहिनी उभ्या राहिल्या, पत्रकावर वहिनींच्या फोटोशेजारी साहेबांचा फोटो त्याहून मोठा.

शिवाय मला सांगोल्याचे गणपतराव देशमुख आठवतात. अकरा वेळा आमदार, एसटीनं फिरणारे. दोन मुदतींचा कायदा असता तर सांगोल्यानं त्यांना केव्हाच गमावलं असतं. सांगोल्यानं त्यांना १९७२ आणि १९९५ मध्ये घरी बसवलंही होतं आणि पुन्हा बोलावलंही. तो हिशेब सांगोल्याचा होता, त्यात कायद्यानं पडायचं कारण नव्हतं.

म्हणून काकांशी वाद घालता घालता माझंच मत थोडं बदललं. निवडून येणाऱ्याला मर्यादा घालू नका. पण ज्याला लोकांनी पाडलं, त्याला पुढची निवडणूक होईपर्यंत राज्यसभा नको, विधान परिषदही नको. पुढच्या दारानं हाकललेला पाहुणा मागच्या दारानं येऊन जेवायला बसला, तर घरधनिणीचा ‘नको’ कशाला उरला? पक्ष मनात आणतील तर हे उद्या करू शकतील. केरळात २०२१ मध्ये मार्क्सवादी पक्षानं सलग दोनदा आमदार झालेल्यांना तिकीटच दिलं नाही, त्यात चांगले मंत्रीही गेले. अर्थात मुख्यमंत्र्यांना तो नियम तेव्हा लागूच होत नव्हता, हेही सांगायला हवं.

निघताना मी काकांना एक प्रश्न विचारलाच. जबलपूरनं करून दाखवलं म्हणता, पण सेठजींना काही तुम्ही पाडलं नव्हतं. ते वारले, म्हणून जागा रिकामी झाली. ते असते आणि पुन्हा उभे राहिले असते, तर तुमचं मत कुणाला होतं?

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. आतून काकूंनी पोह्यांची दुसरी बशी आणून ठेवली.

‘सेठजींच्या विरोधात?’ काका म्हणाले. ‘नाही गं. घरात वडील होते ना तेव्हा.’