लपवायला लावलेली मुलं

तीन वर्षांचं मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही, दोन शब्द जोडून बोलत नाही. हे सगळ्यांत आधी लक्षात येतं ते आईच्या, आणि सगळ्यांत आधी गप्प बसवलं जातं तेही आईलाच. 'याचा बापसुद्धा उशिराच बोलला होता.' 'तू नोकरीला जातेस, पोर मोबाइलवर वाढलं, मग दुसरं काय होणार?' मग नवस होतात, उतारे होतात, कुणा बुवाचं औषध सुरू होतं. यात दोन वर्षं सहज जातात. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी यांचा सर्वांत जास्त उपयोग होतो तो नेमका याच वयात. ती वर्षं त्या मुलाची होती आणि ती त्याच्यापासून आपण हिरावून घेतली.

'आपण' हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. सरकारला दोष देणं सोपं आहे आणि तो दोष सरकारच्या पदरात पडलाही पाहिजे. पण कायद्याच्या बाबतीत हा देश आता मागे नाही. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे फक्त 7 प्रकार होते, स्वमग्नता त्यात नव्हतीच. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ते 21 केले. स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली. भेदभाव न करता प्रवेश द्या, मुलाच्या गरजेप्रमाणे वर्गात सोय करा, असं तो कायदा शाळांना बजावतो. 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 या वयात जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रत्येक बालकाची वर्षातून एकदा तरी तपासणी करून धोक्याची लक्षणं हेरावीत, हेही त्यात लिहिलेलं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर 2013 साली आपल्या पालघरमधूनच झाली. या कार्यक्रमाच्या पथकांनी अंगणवाड्यांत जायचं, मूल हेरायचं, त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं.

म्हणजे मुलाला शोधत शासनानं यायचं आहे. प्रत्यक्षात आईबाप प्लास्टिकच्या पिशवीत फाइल घालून शासनाला शोधत फिरतात. सरकारी रुग्णालयातली तारीख, त्यानंतरची तारीख, बुद्ध्यांकाची चाचणी, टक्क्यांचा हिशोब, दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला यायचं तर एका खेपेला बापाची दिवसभराची मजुरी जाते. लहान मुलाचं प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं असतं, वय वाढलं की पुन्हा तीच रांग. अनोळखी गर्दीत बिथरलेलं मूल किंचाळतं आणि सारा बाक वळून आईकडे पाहतो.

त्या नजरेबद्दल मला बोलायचं आहे. कागद मिळत नाही म्हणून आईबाप थकतात हे खरं, पण कित्येक घरांत कागदासाठी अर्जच होत नाही. 'एकदा शिक्का बसला की जन्माचा', 'उद्या धाकटीचं लग्न जमवायचंय', 'भावकीत कळलं तर?' जो दाखला मुलाला शिक्षक मिळवून देईल, परीक्षेत जादा वेळ मिळवून देईल, तोच घरात कपाटाच्या तळाशी दडवला जातो. ही भीती त्या आईबापांच्या मनात जन्मली नाही, आपण घातली. स्थळ आल्यावर 'घरात कुणी तसं नाही ना?' असं विचारणारे आपणच आहोत.

शाळेतही हेच घडतं. क्वचितच कुणी तोंडावर 'प्रवेश नाही' म्हणतं. 'आमच्याकडे तशी सोय नाही, मुलाच्या भल्यासाठीच सांगतो' अशी भाषा असते. किंवा 'शॅडो टीचर तुमच्या खर्चानं आणा' असं सांगून गरीब बापाला परस्पर वाटेला लावलं जातं. सहा वर्षांखालच्या मुलाची स्थिती आणखी वाईट. मोफत शिक्षणाची हमी सहाव्या वर्षी सुरू होते आणि गल्लोगल्लीच्या खासगी नर्सऱ्यांना जाब विचारणारं कुणी नसतं. सर्वोच्च न्यायालयानं 28 ऑक्टोबर 2021च्या निकालात प्राथमिक वर्गांत 10 दिव्यांग मुलांमागे 1 आणि पुढच्या वर्गांत 15 मुलांमागे 1 विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. आपल्या गावच्या शाळेत जाऊन विचारा, विशेष शिक्षक आठवड्यातून किती तास येतात. आपल्याकडे हे शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटी मानधनावर, एकेकाकडे अनेक शाळा सोपवून राबवले गेले.

आणि तरी या साखळीतला सर्वांत निर्दय दुवा मला मुख्याध्यापक वाटत नाही. तो दुवा म्हणजे आपण, इतर पालक. 'त्या मुलामुळे वर्गात अभ्यास होत नाही', 'आमची पोरं तसंच शिकली तर?' हे निरोप शाळेपर्यंत आपण पोचवतो. वाढदिवसाला वर्गातल्या एकोणचाळीस मुलांना बोलावून चाळिसाव्याला आपण वगळतो, आणि आपलं सहा वर्षांचं मूल हे बारकाईनं पाहत असतं. माणसांची प्रतवारी त्याला आपण घरात शिकवतो. ज्या महाराष्ट्रात 1848 साली मुलींच्या शाळेसाठी सावित्रीबाईंनी अंगावर शेण झेललं, तिथे शिकली-सवरलेली, सुस्थितीतली माणसं आज एका अबोल मुलाला वर्गाबाहेर काढण्यासाठी एकत्र येतात. 

हक्क कायद्यानं दिला आहे. तो घेताना लाजेची किंमत मोजायला लावतो तो समाज गुन्हेगार आहे. या गुन्ह्यासाठी कलम नाही, म्हणून तो दररोज घडतो.

जूनमध्ये नवे वर्ग भरतील. तुमच्या मुलाच्या वर्गात असं एखादं मूल येईल. त्याच्याविरुद्ध सह्यांचा कागद फिरला तर सही करू नकाच, पण तेवढ्यावर थांबूही नका. हे मूल याच वर्गात राहावं, त्याला विशेष शिक्षक मिळावा, असं मुख्याध्यापकांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो विषय घ्यायला लावा. त्या अर्जावर त्या आईबापांची सही एकटी राहू देऊ नका.