जर्नल उघडलं, पण कोणासाठी?

१ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. सरकारी मेडिकल कॉलेजमधल्या पोरांसाठी भारीच! पण इथे जुळे सोलापुरात मी तीच लिंक उघडली, की बरेचदा पेवॉल. कारण लॉगिन माणसाला नाही, संस्थेला मिळतं, आणि पहिल्या टप्प्यात फक्त सरकारी संस्था. खासगी दवाखान्यातले डॉक्टर, स्वयंसेवी संस्था बाहेरच. गंमत बघा, नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्यावरचं गडचिरोलीच्या ‘सर्च’चं संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आलं. ‘सर्च’ही स्वयंसेवीच. जागतिक आरोग्य संघटनेचं ‘हिनारी’ गरीब देशांना जर्नल्स फुकट किंवा स्वस्तात देतं. त्या यादीत भारत नाही. यूझर वाढवणं सर्व्हरला जड नाही, अडतंय करारात. तोवर ‘पबमेड सेंट्रल’वर शोधा, तिथे अख्खा लेख फुकट वाचता येतो.