स्लॅबवरचा पत्रा

बांबवड्याहून मलकापूरमार्गे आंब्याकडे निघालं की रस्त्याकडेला नवी घरं दिसतात. भिंतींना ताजा रंग, पुढच्या खांबांना टाइल्स, वर सपाट स्लॅब. आणि त्या स्लॅबवर लोखंडी अँगल उभे करून चढवलेलं निळ्या नाहीतर लाल पत्र्याचं शेड. घराच्या मूळ नकाशात हे शेड बहुधा नसतंच. दोन-चार पावसाळे काढल्यावर ते येतं, आणि घाटमाथा जवळ येईल तसं जास्त घरांवर दिसतं.

छपराला छप्पर घालावं लागतं, याचा अर्थ पहिलं छप्पर आपलं काम करत नाही. हे कुणी उघड बोलत नाही, कारण त्या स्लॅबमध्ये घरच्यांची सगळी पुंजी गेलेली असते. ‘आधीच कौलं ठेवली असती तर बरं झालं असतं’ हे वाक्य घरातल्या घरातच राहतं.

या भागात मृगात लागलेला पाऊस आश्लेषा-मघांपर्यंत हटत नाही. सपाट स्लॅबला मिस्त्री नजरेने जो उतार देतो, तो एवढ्या पाण्याला पुरत नाही. पन्हळीत पाला अडकतो, कोपऱ्यात पाणी साचतं. केसाएवढ्या भेगेतून ते सळईपर्यंत पोचतं. गंजलेली सळई फुगते आणि खालच्या काँक्रीटच्या खपल्या निघतात. आत छताला काळे डाग, भिंतीला पोपडे, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास. मग डांबर, मग वॉटरप्रूफिंगचं रसायन, मग कोबा. शेवटी पत्रा.

कौलांचाही त्रास होता, तो नाकारून चालणार नाही. दरवर्षी शाकारणी, वाशांना वाळवी, वानरांनी फोडलेली कौलं, आणि वर चढून ती परतणारा माणूस मिळत नाही. रात्रभर गळतीखाली भांडी सरकवत बसलेल्या बाईने स्लॅबचं घर मागितलं तर तिचं काय चुकलं? पण कौलारू घराला दोन बाजूंचा उतार होता. वळचण भिंतीच्या पुढे येत होती, पागोळ्या अंगणात पडत होत्या. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला, तिथून निघालेलं कौल घाटमाथ्यावर रुजलं ते एकात एक अडकतं आणि पाणी थांबू देत नाही म्हणून. जनगणनेच्या व्याख्येतही यंत्रावर पाडलेलं कौल पक्क्या छपरात मोडतं. आपण कौलं उतरवली, ते ठीकच. त्यांच्याबरोबर उतारही का उतरवला?

याचं उत्तर त्या पत्र्यातूनच वर आलेल्या सळ्यांमध्ये आहे. पुढेमागे वर मजला चढवायचा, मुंबईतल्या पोराची सोय करायची, म्हणून कॉलमच्या सळ्या उघड्या ठेवलेल्या असतात. कुठे कुठे त्यांच्या टोकांवर प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घातलेल्या दिसतात. पोरगा गणपतीला, शिमग्याला येतो आणि चार दिवसांत परततो. मजला चढत नाही. सळ्या मात्र गंजतात, आणि तो गंज त्यांच्याच वाटेने कॉलमात उतरतो. कधीतरी होणाऱ्या मजल्यासाठी आजचं घर ओलं ठेवायचं, हा हिशेब कुणीतरी एकदा समोर मांडायला हवा.

काँक्रीटच हवं असेल तर स्लॅब उतरता टाकता येतो. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळच्या पावसात तशी घरं बांधली. काँक्रीटमध्ये मंगळुरी कौलं भरून सिमेंट वाचवलं, वजनही कमी केलं. सेंट्रिंग अवघड जातं, मजुरी वाढते, ही मिस्त्रींची तक्रार खरी आहे. पण त्या मजुरीच्या शेजारी पुढच्या डांबराचा, कोब्याचा आणि शेडचा खर्च मांडून पाहावा. घरकुलांचे नकाशे पाहणाऱ्यांनीही आंब्याला शिरोळसारख्या कमी पावसाच्या भागातलं घर देऊ नये.

सेंट्रिंग बांधण्याआधी घरमालकाने विचारावं: पाणी कुठून उतरणार, आणि भिंतीपासून किती लांब पडणार? ‘नंतर वरून पत्रा मारू’ असं उत्तर आलं, तर काम तिथेच थांबवावं.