अंगठ्याची करामत

मुलांनो, गिटारच्या तारा किती? सहा. वरच्या तीन जाड, खर्जाच्या. खालच्या तीन बारीक. आता सांगा, एकाच हाताने चालही वाजवायची आणि ठेकाही धरायचा, हे जमेल का? म्हणजे एकट्यानेच पेटी आणि तबला सांभाळण्यासारखं झालं!

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या डोंगराळ मुलखात मेबेल नावाच्या मुलीने ते जमवलं. जन्म 1909 चा. अंगठ्याने ती जाड तारांवर चाल वाजवायची आणि त्याच वेळी तर्जनी बारीक तारांवरून झरझर फिरवून ठेका धरायची. त्या काळी गिटार बहुतेक साथीलाच असे, मागे झिंग-झिंग करत. मेबेलने तिला पुढे आणून बसवलं.

1927 च्या जुलैमध्ये ब्रिस्टल गावात रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. हे गाव मोठं गमतीचं. मुख्य रस्त्याच्या एका बाजूला टेनेसी राज्य, दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया! तिथे कार्टर कुटुंबातले तिघे गायला गेले: ए. पी. कार्टर, त्यांची बायको सेरा आणि मेबेल. मेबेल ही ए. पीं.च्या भावाची बायको आणि सेराची नात्यातली बहीणही. म्हणजे दोघी बहिणी आणि जावासुद्धा. मेबेल तेव्हा 18 वर्षांची होती, पोटात बाळ होतं. दोन दिवसांत त्यांनी सहा गाणी रेकॉर्ड केली.

ए. पी. गावोगाव हिंडून जुनी गाणी गोळा करत. ते कष्टाचं काम, खरंच. पण मुख्य आवाज सेराचा आणि गिटार मेबेलची, अन् गाण्यांखाली नाव लागायचं ए. पीं.चं. मला हे काही पटत नाही. तुम्हीच सांगा, वर्गातला तक्ता तिघांनी केला आणि खाली एकाचंच नाव लिहिलं, तर चालेल का?

मेबेलच्या वादनाला पुढे 'कार्टर स्क्रॅच' म्हणू लागले. स्क्रॅच म्हणजे ओरखडा! इतक्या गोड वाजवण्याला असलं नाव? असो. 1928 मध्ये रेकॉर्ड झालेलं त्यांचं 'वाइल्डवुड फ्लॉवर' आजही गिटार शिकणाऱ्यांना शिकवतात. शिकणाऱ्या कितीतरी जणांना ते बोट कुणाचं, हे ठाऊकही नसतं.

आणि ही मेबेल? 1960 च्या सुमारास तिच्या गाण्याला मागणी कमी झाली, तेव्हा ती नॅशव्हिलमध्ये रात्रपाळीला रुग्णांची शुश्रूषा करत होती. पुढे 1970 मध्ये कार्टर कुटुंबाला 'कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम'मध्ये मानाचं स्थान मिळालं. मेबेल 1978 मध्ये वारली. तिची गिटार आता तिथल्याच संग्रहालयात आहे.

मधल्या सुट्टीत बाकावर करून बघा. आवडत्या गाण्याची चाल अंगठ्याने ठोका, आणि दोन ठोक्यांच्या मधे तर्जनीने हलकेच बाक घासा. आईबाबांनाही करायला सांगा. पहिल्यांदा बोटं भांडतील. भांडू देत.